शेटलंड शीपडॉग पाळावा का? दोन वर्षांनी पुण्याला परतायचे आहे

सांजवात (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहतो. मागच्या जूनमध्ये रात्रीच्या बोटीने शेटलंड बेटांवर लर्विकला गेलो होतो. तिथे बंदराजवळच्या एका घराच्या अंगणात शेटलंड शीपडॉग, ज्याला इकडे सगळे 'शेल्टी' म्हणतात, तो पहिल्यांदा जवळून पाहिला. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तिथेच ठाण मांडले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

आमचे घर तळमजल्यावर आहे, मागे लहानसे अंगण आहे, पण शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे. सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यामुळे कुत्रा एकटा राहणार नाही. अडचण अशी की साधारण दोन वर्षांनी आम्ही पुण्याला कायमचे परतणार आहोत. एवढे केस असलेला प्राणी तिथला एप्रिल-मे कसा काढेल? उन्हाळ्यात मशीनने सगळे केस उतरवावेत असा सल्ला एका परिचितांनी दिला, तो बरोबर आहे का? शिवाय शेल्टी म्हणजे रफ कॉलीचीच (लांब केसांचा, मोठ्या चणीचा स्कॉटिश मेंढपाळ कुत्रा) लहान आवृत्ती आहे का, आणि तो धावणाऱ्या मुलांना चावतो हे कितपत खरे आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

वाटसरू_लीड्स

आमच्याकडे नऊ वर्षांची शेल्टी आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावर जो कुत्रा दिसतो तो राखणीचा असतो. लांडगा आला तर अंगावर जायचे हे त्याचे काम. शेल्टी हा वळणारा कुत्रा आहे. शेटलंडमध्ये शेताच्या तुकड्यांना धड कुंपण नसे, आणि तिथल्या लहान चणीच्या मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून त्यांना हाकलत राहणारा, चपळ आणि कमी खाणारा कुत्रा शेतकऱ्यांना हवा होता. एवढ्याशा प्राण्याला मेंढीशी अंगबळाने झुंजता येत नाही, म्हणून तो धावून आणि भुंकून तिला वळवतो. तुमच्या सामाईक भिंतीचा प्रश्न इथून सुरू होतो. दारावरची टकटक, पोस्टमन, खिडकीबाहेरची खार, शेजाऱ्याने उघडलेली छत्री, या सगळ्याची वर्दी तुम्हाला मिळेल. पिल्लू असल्यापासून 'दोनदा भुंक, मग माझ्याकडे ये आणि खाऊ घे' अशी सवय लावली तर आवाज आटोक्यात येतो, पण मुका शेल्टी मिळणार नाही. ओरडून शिकवायला जाऊ नका. ही जात फार हळवी असते. मी एकदा फोनवर दुसऱ्याच कुणावर रागावलो होतो, तर आमची शेल्टी दोन तास जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आली नाही.

चावण्याबद्दल सांगायचे तर, रागाने चावणारी शेल्टी मला आजवर भेटलेली नाही. वळण्याची ऊर्मी मात्र पक्की असते. माझा भाचा अंगणात धावत होता तेव्हा तिने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, त्याला ढकलत ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणले आणि तो थांबेना तेव्हा पोटरीजवळ पँट दातांत धरली. कातडीला ओरखडाही नव्हता, पण मूल घाबरले. तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवा की असे झाले तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे. खरा धोका रस्त्यावर आहे, कारण सायकल आणि मोटारसुद्धा या कुत्र्याला वळवायची मेंढीच वाटते. रस्त्यालगत त्याला दोरीशिवाय कधीही सोडू नका.

तो कॉलीची लहान आवृत्ती नाही, पण गोंधळ जुना आहे. लर्विकमध्ये 1908 साली या जातीचा क्लब निघाला आणि 1909 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने तिला 'शेटलंड कॉली' म्हणून मान्यता दिली. कॉलीवाल्यांनी त्या नावाला हरकत घेतली आणि 1914 मध्ये आजचे नाव आले. बेटावरच्या मूळ कुत्र्यांत पुढे कॉलीचे रक्त मिसळले गेले, म्हणून चेहरा इतका सारखा दिसतो. इथल्या मानकानुसार खांद्यापाशी नर 37 आणि मादी 35.5 सेंटिमीटर असावी, पण त्या मिश्रणामुळे एकाच वेतातले एखादे पिल्लू त्याहून बरेच मोठे निघू शकते. (गंमत म्हणजे आज शेटलंडमध्ये मेंढ्यांमागे बहुतेक बॉर्डर कॉलीच दिसतात. आमची मंडळी सोफ्यावर आहेत.)

केस उतरवू नका. वरचा थर लांब, राठ आणि सरळ असतो, खालचा थर आखूड, मऊ आणि दाट असतो. वरचा थर ऊन आणि पाणी अंगापर्यंत पोहोचू देत नाही. मशीन फिरवले की हे छप्परच जाते, आणि नंतर केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. उन्हाळ्यात काढायचा तो खालचा मेलेला थर, आणि तोही कंगव्याने. पाठीवरून हात फिरवला तर कुत्रा अगदी विंचरलेला वाटतो, पण कानामागे बोट घातले की लोकरीची घट्ट गाठ लागते. मागच्या मांड्यांवर आणि पुढच्या पायांच्या बगलेतही तेच होते. केसांवर थोडे पाणी फवारावे, एका हाताने वरचे केस उलटे धरावेत आणि कातडीपासून बाहेरच्या दिशेने एकेक पदर विंचरावा. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे पुरतात. वर्षातून साधारण दोनदा खालचा थर गळतो, त्या तीन आठवड्यांत घरात कुणीतरी गादी पिंजली आहे असे वाटते आणि मग रोज बसावे लागते.

पशुवैद्य_सातारा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. पुण्याच्या संदर्भात मात्र केसांपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट राहिली, ती सांगतो.

कॉली, शेल्टी आणि त्यांच्या नात्यातल्या अनेक जातींमध्ये एमडीआर-1 या जनुकात दोष आढळतो. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर फेकणारा एक 'पंप' शरीरात असतो, आणि हा दोष दोन्ही पालकांकडून आलेला असेल तर तो पंप चालत नाही. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी 2001 मध्ये या दोषाचा छडा लावला. आपल्याकडे गोचीड आणि खरजेवर आयव्हरमेक्टिन सर्रास टोचले जाते, म्हणून ही माहिती इथे जिवावरची आहे. हृदयातील जंतांच्या प्रतिबंधासाठी दर किलो वजनामागे सुमारे 6 मायक्रोग्रॅम एवढे अल्प आयव्हरमेक्टिन देतात, ते अशा कुत्र्यालाही चालते. खरजेसाठी 300 किंवा त्याहून अधिक मायक्रोग्रॅम देतात, ते चालत नाही. गुरांसाठीच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे नऊ किलोच्या शेल्टीला कुणी अंदाजाने एक मिलिलिटर टोचले तर किलोमागे अकराशे मायक्रोग्रॅम गेले. अशी एक कॉली माझ्याकडे आणली होती. मालकाने म्हशीला टोचून उरलेले औषध गोचिडांसाठी तिला दिले होते. ती आली तेव्हा बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, लाळ गळत होती, मागचे पाय दारू प्यायल्यासारखे फाकत होते आणि समोरचा हात तिला दिसत नव्हता. सलाईनवर, दर काही तासांनी कूस बदलत, पाच दिवसांनी ती उभी राहिली. प्रत्येक कुत्रे असे उठत नाही.

माणसांना जुलाबासाठी देतात ती लोपरामाइडची गोळीही अशा कुत्र्याला देऊ नये. भूल आणि कर्करोगाच्या काही औषधांची मात्राही बदलावी लागते, म्हणून गालाच्या आतून नमुना घेऊन होणारी जनुक चाचणी तिकडेच करून घ्या. गोचिडांसाठी फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनर असलेल्या गोळ्या आहेत आणि त्या हा दोष असलेल्या कॉलींवर तपासलेल्या आहेत. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. गोचीडताप आपल्याकडे बाराही महिने असतो, त्यामुळे 'औषधच नको' हा पर्याय नाही.

पिल्लू निवडताना सहा-सात आठवड्यांच्या वयात त्याच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारा. कॉली जातींमध्ये डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा एक आनुवंशिक दोष आढळतो, आणि वय वाढल्यावर तो सौम्य स्वरूपात असेल तर झाकला जाऊन तपासणीत निसटू शकतो. राखाडी-निळ्या ठिपक्यांचा 'ब्लू मर्ल' रंग आवडला तर हरकत नाही, पण आईवडील दोघेही मर्ल नसावेत. तशा जोडीची काही पिल्ले बहिरी किंवा आंधळी जन्मतात.

सांजवात

दोघांचेही मनापासून आभार. आयव्हरमेक्टिनबद्दल आम्हाला काहीही कल्पना नव्हती. सासूबाई विचारत आहेत की घरचे काय खाऊ घातले तर चालेल. त्यांनी नैवेद्याचा शिरा आधीच त्याच्या नावे लावला आहे.

पशुवैद्य_सातारा

आजींना नमस्कार सांगा आणि शिऱ्यात मनुका घालतात का ते विचारा. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेल्टी लवकर स्थूल होतो आणि केसांमुळे ते दिसत नाही. दर रविवारी बरगड्यांवरून बोटे फिरवून पाहावी. न दाबता बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. या जातीत पित्ताशयाचे विकारही अधिक आढळतात, म्हणून तूप आणि तळणीचे पदार्थ देऊ नयेत. मीठ-मसाला न घातलेला उकडलेला भोपळा, गाजर, थोडी कोंबडी देता येईल.

कोथरूडकर

आम्ही चार वर्षांपूर्वी आमची शेल्टी इंग्लंडहून पुण्यात आणली, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. तुमचे परतणे नक्की असेल तर पिल्लू परतल्यावरच घ्या, असे मी आधी म्हणणार होतो. पण शेल्टी इकडे विरळाच आढळतो आणि जो मिळतो त्याच्या आईवडिलांच्या तपासण्यांचा पत्ता नसतो, त्यामुळे तिकडूनच घेतलेला बरा. आणताना प्राणी विलगीकरण सेवेचा ना-हरकत दाखला आधी मिळवावा लागतो. आम्ही मुंबईला उतरलो होतो.

उन्हाचे आम्ही गणित बसवले. मार्च ते जून सकाळी सातच्या आत आणि रात्री साडेनऊनंतर फिरायला न्यायचे, निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर सात-आठ सेकंद टेकवून पाहायची, दुपारी फरशी आणि पंखा. ते तिने सोसले. पावसाळा अधिक जड गेला. आतला थर ओलसर राहिला की कातडीवर चिकट, लाल चट्टे उठतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक फेरीनंतर गार हवेच्या ड्रायरने पोटाखालचे केस मुळापर्यंत सुकवावे लागतात. आणि भुंकणे! आमच्या सोसायटीत पहिल्या वर्षी तीन लेखी तक्रारी आल्या. शेवटी रस्त्याकडच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद लावला, तेव्हा निम्मा आवाज गेला. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके तिला अजून सोसत नाहीत. त्या रात्री आम्ही आतल्या खोलीत कूलर मोठ्याने लावून तिच्याजवळ बसतो.

पशुवैद्य_सातारा

एक पुरवणी. जनुक चाचणीचा निकाल दोषाचा आला तर त्याची प्रत कुत्र्याच्या लसीकरणाच्या वहीत पहिल्याच पानावर चिकटवा आणि खाली लाल शाईने, मराठीत, 'आयव्हरमेक्टिन टोचू नये' असे लिहा. रात्री-अपरात्री कुत्र्याला दवाखान्यात नेणारी व्यक्ती तुम्हीच असाल असे नाही.