‘शेवटचा’ अल्बम की ‘अखेरचा’?

प्रश्न :
आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडवर लेख लिहितोय. ‘कोलॅप्स इनटू नाऊ’ला ‘शेवटचा अल्बम’ म्हटलं, तर मित्राने विचारलं, ‘म्हणजे अलीकडचा, की त्यानंतर काहीच नाही?’ ‘अंतिम’ लिहू का?

प्रतिसाद :
‘अंतिम’ नको. अंतिम फेरी, अंतिम मुदत, अंतिम यादी... जिथे टोक आधीच ठरलेलं असतं तिथे तो शब्द शोभतो. मित्राची शंका मात्र रास्त आहे. ‘त्याचं शेवटचं पत्र कधी आलं?’ असं विचारताना पत्रं कायमची थांबली असं आपल्याला म्हणायचं नसतं. हा अल्बम मार्च २०११ मध्ये आला तेव्हा श्रोत्यांच्या लेखी तो बँडचा नवा, पंधरावा अल्बम होता. २१ सप्टेंबरला बँड थांबल्याचं जाहीर झालं आणि मग तो ‘अखेरचा’ झाला. अखेरचा श्वास, अखेरची भेट : पुढे काही नाही, हे या शब्दात पक्कं असतं. मी तोच वापरेन.

प्रतिसाद :
सहमत, पण ‘अखेरचा स्टुडिओ अल्बम’ (म्हणजे नव्याने ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांचा) लिहा, ‘स्टुडिओ’ गाळू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १९८२ पासूनच्या निवडक गाण्यांचा संच निघाला आणि त्यात तीन नवी गाणीही होती! नुसतं ‘अखेरचा अल्बम’ लिहिलंत तर जाणकार हा संच पुढे करतील. आणि ‘संग्रह’ हा शब्द अशा निवडक संचासाठीच राखून ठेवा. स्टुडिओ अल्बमला तो लावला की जुनीच गाणी एकत्र केली असं वाटतं.

प्रश्नकर्ता :
आणि ‘निरोपाचा अल्बम’?

प्रतिसाद :
इथे चालेल, कारण निरोप घेणाऱ्याला तो घेतोय हे ठाऊक असावं लागतं. मुखपृष्ठावर बँडचा गायक मायकेल स्टाइपचा उंचावलेला हात आहे, आणि तो निरोपाचाच होता असं त्याने नंतर सांगितलं. शेवटचं गाणं ‘ब्लू’ ऐका : पाहुणी गायिका पॅटी स्मिथचा आवाज विरतो आणि अल्बमचं पहिलं गाणं ‘डिस्कव्हरर’ पुन्हा उसळून येतं. मला हा शेवट फार आवडतो. पण हा शब्द सरसकट वापरू नका. ‘निर्वाणा’ या बँडचा ‘इन युटेरो’ सप्टेंबर १९९३ मध्ये आला आणि एप्रिल १९९४ मध्ये त्यांचा गायक कर्ट कोबेन गेला. तो त्यांचा अखेरचा स्टुडिओ अल्बम आहे, निरोपाचा नव्हे.