निर्देशांकाच्या सीएफडीवर रोज रात्री होणारी वजावट

प्रश्न:
शेअर निर्देशांकाच्या सीएफडीमधील (प्रत्यक्ष शेअर न घेता केवळ किमतीतील फरकावर ब्रोकरशी होणारा करार) खरेदीची पोझिशन (खुला सौदा) मी दोन आठवडे धरून ठेवली. निर्देशांक जवळजवळ होता तिथेच राहिला, तरीही खात्यातील रक्कम रोज थोडी घटत गेली, शुक्रवारी तिप्पट वजावट झाली आणि एका दिवशी उलट काही रक्कम जमा झाली. हा हिशेब कसा होतो?

उत्तर १:
रोजची वजावट हे व्याज आहे, आणि ते तुम्ही भरलेल्या मार्जिनवर (अनामत रकमेवर) नव्हे, तर पोझिशनच्या पूर्ण मूल्यावर आकारले जाते, ही गोष्ट अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते. समजा, मूल्य १०,००० आहे आणि संदर्भ व्याजदर व ब्रोकरची भर मिळून वार्षिक दर ७.२ टक्के आहे. ३६० दिवसांच्या हिशेबाने एका रात्रीचे २ होतात. मार्जिन ५०० असेल, तर ३० रात्रींत त्याचा १२ टक्के भाग केवळ व्याजात जातो. शुक्रवारी शनिवार-रविवारचेही व्याज धरले जाते.

उत्तर २:
जमा रक्कम बहुधा लाभांशाची असावी. एखाद्या शेअरची लाभांशाची पात्रता संपली की निर्देशांक त्याच्या भारानुसार खाली येतो, म्हणून खरेदीदाराला तेवढी भरपाई मिळते आणि शॉर्ट करणाऱ्याकडून (किंमत घसरेल या अंदाजाने आधी विक्री करणाऱ्याकडून) ती वळती होते. जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकात लाभांश आधीच मिळवलेला असतो, म्हणून तेथे सहसा अशी भरपाई नसते.

प्रश्नकर्ता:
आणि महिनाभर धरायचे असेल तर?

उत्तर १:
फ्युचर्सवर (पुढील ठरावीक तारखेच्या सौद्यांवर) आधारित सीएफडी पाहा. तेथे व्याज किमतीतच धरलेले असते, मात्र स्प्रेड (खरेदी व विक्रीच्या भावांतील फरक) सहसा मोठा असतो.