दोन हजारांत कसले आलेत लाड?

कुळागर (वाळपई)

काल इथेच ‘तिशीतला’ने लिहिलं: "गोव्याचा अर्थसंकल्प म्हणजे म्हाताऱ्यांना ओवाळणी. साठी उलटली की खात्यात पैसे, आणि आम्ही डिग्री घेऊन आमदाराच्या अंगणात. ते न चुकता मत देतात म्हणून सगळी मलई त्यांना." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली होती. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी दूध तापायच्या आधी लिहायला बसले.

माझी आई ७४ वर्षांची. जन्मभर दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारी सोलली. पीएफ नाही, पेन्शन नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० येतात, तेवढाच तिचा स्वतःचा पैसा. मागच्या पावसात दोन महिने आलेच नाहीत. दर तीन-चार दिवसांनी छत्री घेऊन बँकेत जायची, पासबुक मशीनमध्ये सरकवायची, नवी ओळ उमटली नाही की परत. मला सांगितलं नाही. मी घरी गेले तेव्हा फडताळात एका पेल्यात काचबिंदूच्या थेंबांची बाटली उलटी ठेवलेली दिसली. तळाशी राहिलेलं तोंडाशी यावं म्हणून. ६४० रुपयांची बाटली. गोमेकॉत, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, तपासणी फुकट होते, पण हे थेंब बाहेरून आणावे लागतात.

ही मलई?

आता मुद्द्याचं. सरकारी पेन्शनवाल्याला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैची, महागाई सवलत वाढून मिळते. दयानंद योजनेला असं काही जोडलेलंच नाही. दहा वर्षांहून जास्त काळ आकडा २,००० वर बसलाय. सहा टक्के महागाई धरा, बारा वर्षांत त्या दोन हजारांची किंमत निम्मी होते. म्हणजे दर अर्थसंकल्पात आईचे पैसे थोडे थोडे कापले जातात आणि त्यासाठी कुणाला विधानसभेत उभं राहून बोलावंही लागत नाही. ‘म्हातारे’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. एवढंच सांगायचं होतं, लांबलं.

तिशीतला (डिचोली)

ताई, तुमच्या आईवर माझा राग नाही, तसं मी लिहिलेलंही नाही. पण घरचं तुम्ही सांगितलंत, आता माझंही ऐका. बाबांचा ट्रक होता खाणीवर. २०१२ मध्ये खाणी बंद, मग सुरू, आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. ट्रकचे हप्ते थकले, शेवटी मिळेल त्या भावात विकला. तेव्हा बाबा ५२ वर्षांचे. साठीच्या योजनेत बसत नाहीत, नोकरीच्या वयातही नाहीत. मी बीकॉम, सध्या वेर्ण्याला कंत्राटावर. अकरा महिने झाले की नवं कंत्राट. माझ्यासाठी अर्थसंकल्पात काय असतं? एक ‘कौशल्य’ हा शब्द.

आणि मतांचं मी उगाच नाही म्हटलं. चाळीस मतदारसंघ, एकेक मूठभर. सांत आंद्रेत २०२२ साली निकाल ७६ मतांनी लागला. ७६! दोन वाड्यांवरचे आजी-आजोबा धरले की झालं. ८० च्या वरच्यांना तेव्हा घरबसल्या मत देता आलं, आता ती अट ८५ आहे. मी वेर्ण्याला कामावर, सुटी मिळाली तरच मत देणार. कुणाचं ऐकलं जाईल?

बाराखडी (फोंडा)

‘सरकारी पेन्शनवाला’ हा शब्द आला म्हणून लिहितो. छत्तीस वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिली नेमणूक सांगे तालुक्यात, शेवटचे पाच किलोमीटर चालत. पेन्शन हे कुणाचं दान नव्हे, मागे ठेवलेलं वेतन आहे. शिवाय निवृत्तीच्या वेळी ४० टक्के पेन्शन विकली, म्हणजे त्या भागाचे पैसे एकदम आगाऊ घेतले, तर तो भाग १५ वर्षे कापला जातो. व्याजासकट हिशोब मांडला तर पैसे त्याच्या कितीतरी आधी फिटतात असं आम्ही किती वर्षे ओरडतोय. आणि कोविडमध्ये केंद्राने १८ महिन्यांची महागाई सवलत गोठवली, ती थकबाकी आजपर्यंत दिलेली नाही. ते कुणाला आठवतं?

माझ्या घरात दोन नातवांची फी माझ्या पेन्शनमधून जाते, कारण मुलगा तिशीतला यांच्यासारखाच कंत्राटावर आहे. म्हणजे ती ‘मलई’ शेवटी तरुणांच्याच ताटात पडते.

आणि शाळा? ज्या शाळेत मी रुजू झालो तिला आज कुलूप आहे. त्यावर एक दिवस तरी असा धागा काढा.

थिवीवाली

शाळेचं नंतर सर, आधी रेल्वेचं बोला! ६० वरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन काढली. कोविड गेला, गाड्या भरून धावतायत, सवलत परत आली नाही. मी यजमानांना कॅन्सरच्या उपचारांसाठी दोन वर्षे मुंबईला नेत होते. त्यांना रुग्ण म्हणून सवलत मिळायची, मलाही सोबत म्हणून. उपचार संपले, आता वर्षातून दोनदा तपासणीला जायचं. जावई म्हणतो तेव्हाची सवलत अजून लागू असेल, पण तिकीट खिडकीवर दर वेळी वेगळंच सांगतात. ज्येष्ठाची सवलत असती तर कुणाला कागद दाखवत बसायची वेळच आली नसती. वय आधार कार्डावर असतं.

ठेवपावती (मडगाव)

सगळंच वाईट झालेलं नाही हो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख केली, व्याज ८.२ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा ज्येष्ठांसाठी ५० हजारांवरून एक लाख झाली. कर कापू नये म्हणून दर वर्षी फॉर्म भरून द्यायची माझी कटकट वाचली. सत्तरीच्या वर आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. दिलं ते दिलं म्हणावं.

कुळागर (वाळपई)

ठेवपावती भाऊ, तीस लाख ठेवायला आधी तीस लाख लागतात. टीडीएस कापायला व्याज लागतं. मी जे म्हणत होते ते तुम्हीच सिद्ध केलंत. ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी मर्यादा दुप्पट. ज्याच्याकडे नाही त्याला केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधून, तेही दारिद्र्यरेषेखाली असेल तर, ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये. दोनशे! वाळपईहून बांबोळीला दोनदा जाऊन यायला पुरत नाहीत.

ठेवपावती (मडगाव)

ते तीस लाख मी चोरी करून आणलेले नाहीत. खासगी कंपनीत एकतीस वर्षे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून जे आलं त्याच्या व्याजावर दोघं जगतो. व्याजदर एक टक्का उतरला तर आमचा किराणा उतरतो. आम्हाला श्रीमंत ठरवायची घाई करू नका.

कुळागर (वाळपई)

बरं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. शब्द लागला असेल तर मागे घेते. दोनशेचा मुद्दा मात्र सोडत नाही.

काजूबी (काणकोण)

पीएफचं निघालं म्हणून. माझी मावशी काजूच्या कारखान्यात बावीस वर्षे बिया फोडायला होती. पीएफवाल्या कामगारांच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरपासून १,००० रुपये आहे, तिला तेवढीच मिळते. पगार गुणिले वर्षे भागिले सत्तर, असा हिशोब असतो. पगारच एवढासा, मग भागून काय उरणार?

पण रक्कम राहू दे. ते हजारसुद्धा गेल्या वर्षी बंद झाले. का? हयातीचा दाखला. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. दहाही बोटं झाली. काजूच्या टरफलातलं तेल चामडी जाळतं, ठाऊक असेल तुम्हाला. बावीस वर्षांत तिच्या पेरांवर रेषाच राहिल्या नाहीत, काचेसारखी गुळगुळीत झालीत बोटं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, हात धुऊन या." ती धुऊन आली. परत लाल. तीन फेऱ्या झाल्या. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने बोटं खाल्ली, आणि बोटं नाहीत म्हणून पेन्शन नाही.

थिवीवाली

देवा! आमच्या शेजारच्या आजींचं हेच. त्या नारळ सोलायच्या.

ठेवपावती (मडगाव)

आमच्या वडिलांचं अंथरुणावर असताना झालं. मॅनेजर म्हणाला, "त्यांना घेऊन या." खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. पायऱ्यांवरून. आजही तो दिवस आठवला की छातीत कळ येते.

तिशीतला (डिचोली)

पण बोटाशिवाय होतं की! २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला निघतो. अँड्रॉइड फोन, जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं चेहऱ्याचं ॲप. कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे, झालं. मी आमच्या वाड्यावर सहा जणांचे काढून दिलेत. पोस्टमनही घरी येऊन काढतो.

काजूबी (काणकोण)

मग त्या काउंटरवर हे कुणी का नाही सांगितलं? आणि अँड्रॉइड फोन कुणाकडे आहे? मावशीकडे बटणांचा आहे. आमच्या घरात रेंज यायला विहिरीपाशी जावं लागतं.

बाराखडी (फोंडा)

पूर्वी बँकेतला माणूस चेहरा ओळखायचा. "काय मास्तर, बरे आहात ना?" म्हणून शिक्का मारायचा. आता माणूस समोर उभा असला तरी तो जिवंत आहे हे यंत्राने सांगायचं.

तिशीतला (डिचोली)

सर, त्याच शिक्क्यावर मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलले गेलेत, हेही बोला. पडताळणी नको म्हणायचं आणि पैसे वेळेवर हवेत म्हणायचं, दोन्ही कसं जमेल? आणि घरात सरकारी पेन्शन येत असताना आईच्या नावाने दयानंद योजना लाटणारे माझ्या ओळखीचे आहेत. पंचाला धरून अर्ज पास. तुमच्या पिढीने हे चालू दिलं.

बाराखडी (फोंडा)

माझ्या पिढीने? मी आयुष्यात एका पंचाच्या दारात गेलो नाही. तुमचं वय असताना नोकरीसाठी आमदाराच्या अंगणात उभे राहणारे तुम्हीच, हे काल तुम्हीच लिहिलंत. मला शिकवू नका.

तिशीतला (डिचोली)

उभं राहावं लागतं कारण दुसरा रस्ता ठेवलेला नाही! तुमची नेमणूक एका अर्जावर झाली असेल. माझे सतरा अर्ज झालेत. आणि २००५ नंतर लागलेल्या सरकारी माणसालाही तुमची जुनी पेन्शन नाही, त्याचे पैसे बाजारात. केंद्राने २०२५ च्या एप्रिलपासून युनिफाइड पेन्शन आणली, ती केंद्राच्या लोकांना. मी साठीचा होईन तेव्हा माझ्यासाठी काय असेल सांगा. गोव्यात मुलंच कमी जन्मतायत. २०११ च्या जनगणनेतच साठीवरच्यांच्या प्रमाणात केरळच्या खालोखाल आपण होतो. तेव्हा पैसे भरणारे कोण असतील? म्हणून ओरडतो मी. तुमच्यावर जळतो म्हणून नाही.

थिवीवाली

अरे बाबा, हे काल असं लिहिलं असतंस तर मीही वाहवा केली असती.

कुळागर (वाळपई)

तिशीतला, मग माझंच तर म्हणणं तू बोलतोयस. आज आईच्या दोन हजारांना महागाई जोडली नाही, तर तीस वर्षांनी तुझ्या आकड्यालाही जोडणार नाहीत. निवडणूक आली की वाढवायचा, फलक लावायचे, मग परत विसरायचं. जे सहा महिन्यांनी आपोआप वाढतं त्यासाठी कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. म्हणूनच ते करत नाहीत असं मला वाटतं.

तिशीतला (डिचोली)

महागाईला जोडा, हे पटलं. नाइलाजाने म्हणतोय, कारण आकडा वाढला की ओझं माझ्यावरच येणार. पण अट एक. घरात दुसरी पेन्शन असेल त्याची छाननी कडक हवी, आणि ५० ते ६० मधल्या खाणवाल्यांना काहीतरी हवं. माझे बाबा आज हॉटेलात रात्रीची वॉचमनकी करतात. साठी यायची वाट बघणारा माणूस मी रोज सकाळी सातला घरी येताना बघतो.

कुळागर (वाळपई)

बाबांचं वाचून वाईट वाटलं. छाननीला माझी हरकत नाही, पण पैसे थांबवायच्या आधी कळवा तरी. आईला दोन महिने कुणी एक ओळ कळवली नाही.

तिशीतला (डिचोली)

काजूबी, मावशी काणकोणात कुठे? पुढच्या रविवारी कामासाठी काणकोणला येतोय. फोन माझा वापरू. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि बँकेचं पासबुक काढून ठेवायला सांगा. मोबाइल नंबर आधारला कुठला जोडलाय तेही बघा, नाहीतर पुन्हा अडेल.

काजूबी (काणकोण)

नंबर माझ्या भावाचा जोडलेला आहे, त्याला थांबायला सांगते. सकाळी या, दुपारी तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. विहिरीपाशी खुर्ची टाकून ठेवू.

बाराखडी (फोंडा)

हे चांगलं करताय. त्या माउलीचं काम झालं की इथे कळवा. मात्र ‘मलई’ हा शब्द तुम्ही अजून मागे घेतलेला नाही, आणि तो घेईपर्यंत मी या धाग्यावर आहे.