शब्दचर्चा: ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला ‘खोटा इशारा’ म्हणावं का?

प्रश्न: ओपन सोर्स पॅकेजांच्या सुरक्षा-तपासणीवर मराठीत पुस्तिका लिहितो आहे. त्रुटी नसताना स्कॅनर ती दाखवतो, त्या ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला काय म्हणावं? ‘खोटा सकारात्मक’मधून काहीच बोध होत नाही. ‘खोटा इशारा’ चालेल का?

प्रतिसाद १: ‘सकारात्मक’ टाकाच. इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘सापडलं’ एवढंच. पण ‘खोटा’ही खटकतो. खोटी साक्ष, खोटी सही यांत फसवण्याचा हेतू असतो; स्कॅनर बिचारा आवृत्तीचा क्रमांक ज्ञात त्रुटींच्या यादीशी ताडून पाहतो. ‘फोल इशारा’ म्हणा. पाखडताना उडून जातं ते फोल: दिसायला दाणा, आत काही नाही. ‘अंदाज फोल ठरला’ असं आपण बोलतोच.

प्रतिसाद २: ‘फोल’ चांगला आहे, पण सगळ्याच प्रकारांना नको. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी.

ओपनएसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनातली सीव्हीई-२०२४-६३८७ घ्या (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक). मूळ प्रकल्पाने ती ९.८पी१ मध्ये दुरुस्त केली. डेबियन १२ या लिनक्स वितरणाने मात्र ९.२पी१ हीच आवृत्ती ठेवून तिलाच ठिगळ लावलं. पॅकेजचा पूर्ण क्रमांक १:९.२पी१-२+डेब१२यू३. स्कॅनर ‘९.२’ वाचून ओरडतो, शेपटीतलं ‘डेब१२यू३’ पाहतच नाही. दुरुस्ती होऊन गेली तरी चालू राहणाऱ्या या इशाऱ्याला मी ‘शिळा इशारा’ म्हणेन. खात्री करायला डेबियनवर ‘एपीटी चेंजलॉग’ आणि रेड हॅट या दुसऱ्या वितरणाच्या कुळात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ चालवून पॅकेजातल्या बदलांची यादी काढायची आणि त्यात सीव्हीई क्रमांक शोधायचा. तो सापडला, तर स्कॅनरला वितरणाचा स्वतःचा सुरक्षा-डेटा वापरायला लावायचं. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) हलका करण्याच्या नादात वितरणाचं नाव सांगणारी ‘ओएस-रिलीज’ फाइल पुसली गेली, तर स्कॅनरला वितरण ओळखताच येत नाही. शिळ्या इशाऱ्यांचा पूर आला की आधी ही फाइल जागेवर आहे का ते बघा.

दुसरा प्रकार: सदोष कोड पॅकेजात आहे, पण आपला प्रोग्राम त्या फंक्शनला हाकच मारत नाही. हा ‘गैरलागू इशारा’. गो भाषेत ‘गोव्हल्नचेक’ हे साधन असे इशारे शोधून देतं. मात्र रिफ्लेक्शनमधून, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कोणतं फंक्शन ते ठरवून, मारलेल्या हाका त्याला दिसत नाहीत, तेवढा भाग स्वतः वाचावा लागतो. मग व्हेक्स दस्तऐवजात, म्हणजे कोणती त्रुटी आपल्या प्रोग्रामला लागू आहे की नाही हे सांगणाऱ्या कागदात, स्थिती ‘नॉट अफेक्टेड’ आणि कारण ‘व्हल्नरेबल कोड नॉट इन एक्झिक्यूट पाथ’.

तिसऱ्यात नोंदच चुकलेली असते. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनावरची सीव्हीई-२०२०-१९९०९ ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुळात तो ‘रीट्राय-डिले’ पर्यायातला साधा दोष, २०१९ मध्येच दुरुस्त झालेला. एनव्हीडी या अमेरिकी सरकारच्या त्रुटी-सूचीने त्याला गंभीरतेचे दहापैकी ९.८ गुण दिले. कर्लच्या आक्षेपानंतर ते ३.३ वर आले आणि नोंदीवर ‘डिस्प्यूटेड’चा शिक्का बसला. फोल म्हणायचं ते याला. इथे आपल्यापुरतं वगळून भागत नाही. नोंद देणाऱ्या संस्थेकडे पुराव्यानिशी दुरुस्ती मागावी लागते, नाहीतर तोच इशारा इतर सगळ्यांकडे वाजत राहतो.

प्रश्नकर्ता: ‘गैरलागू’ लगेच घेतो. पण ‘शिळा’ म्हटल्यावर तो इशारा कधीतरी खरा होता असं वाटेल ना?

प्रतिसाद २: वाटू दे, तो खरा होताच. ठिगळ लागण्याआधीच्या ९.२पी१ मध्ये ती त्रुटी होती. रेड हॅट ८ वर मात्र ८.०पी१ आहे आणि ही त्रुटी ८.५पी१ मध्ये परत शिरली. तिथे हाच इशारा आला, तर तो शिळा नव्हे, फोल.

प्रतिसाद १: पटलं. माझा ‘फोल’ मुळात त्रुटी नव्हतीच अशा इशाऱ्यांपुरता ठेवा.

प्रतिसाद ३: पुस्तिकेत ‘सप्रेस’साठी, म्हणजे तपासलेला इशारा पुन्हा न दाखवण्यासाठी, ‘दाबणे’ लिहू नका. प्रकरण दाबतात, तक्रार दाबतात. त्यात लपवाछपवी आली. ‘कारण नोंदवून वगळणे’ लिहा, शब्द वाढले तरी चालतील. ट्रिव्ही या स्कॅनरच्या ‘.ट्रिव्हीइग्नोर’ फाइलीत सीव्हीई क्रमांकापुढे ‘एक्सपी:’ लिहून वर्ष-महिना-दिवस अशी तारीख देता येते. वरच्या ओळीत टिप्पणी म्हणून कारण लिहायचं. तारीख उलटली की इशारा पुन्हा समोर येतो.