‘गंगेवर जाऊन येतो’ : नाशिककरांची गंगा

नाशिकच्या जुन्या गावात किंवा पंचवटीत वाढलेला माणूस ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तो गोदावरीवर निघालेला असतो. ‘गंगेला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले’ हे पावसाळ्यातले नेहमीचे बोलणे; नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशिककर पुराचा अंदाज घेतात. आणि ‘बुधवारी गंगेवरून भाजी आण’ या वाक्यात तर नदीही मागे सरते, गंगा म्हणजे घाटावरचा आठवडे बाजार होतो. त्यामुळे ‘दक्षिणगंगा’ या श्रद्धेतून हे नाव आले, एवढेच स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

हा वापर नाशिकपुरता नाही. भीमेच्या काठाला जशी भीमथडी, तशी गोदेच्या काठाला गंगथडी. मराठवाड्यातले गंगापूर आणि गंगाखेडही याच नदीच्या खोऱ्यातले.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीला मिळते, तर उत्तरेचे पाणी मोसम आणि गिरणेतून तापीला जाते. आणि ढोबळमानाने पाहता त्याच डोंगरापलीकडे, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात, ‘मला-तुला’ऐवजी ‘माले-तुले’ म्हणणारी अहिराणी सुरू होते. (मालेगाव शहरातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली उर्दू हा मात्र निराळा विषय आहे.) पश्चिमेला पेठ-सुरगाण्याचे पाणी अरबी समुद्राकडे वळते आणि तिथे कोकणा आदिवासींची कोकणा बोली ऐकू येते. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने ब्रिटिशकाळातल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला, पण खानदेशी, म्हणजे अहिराणी, मात्र नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर ठेवली. ते वर्गीकरण आज वादग्रस्त असले, तरी डोंगरापलीकडचे बोलणे त्याला किती वेगळे भासले, हे त्यावरून कळते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे कसमाद्यातली आणि खानदेशातली असंख्य कुटुंबे नाशिकच्या सिडको या वसाहतीत स्थिरावली. त्यांच्या बोलण्यात मला बहुधा ‘गोदावरी’ किंवा नुसती ‘नदी’ ऐकू येते, वृत्तपत्रे ‘गोदाघाट’ छापतात, आणि त्यामुळे ‘गंगेवर’ हा शब्द हळूहळू जुन्या गावाची ओळख बनला आहे. तो उच्चारताच बोलणाऱ्याचे घर नदीपासून किती अंतरावर आहे, याचा अंदाज बांधता येतो.

म्हणूनच कोशात ‘गंगा’ या शब्दाखाली ‘गोदावरी’ असा अर्थ देऊन थांबू नये, असे मला मनापासून वाटते. ‘गंगेवर’ या रूपाची स्वतंत्र नोंद हवी : नाशिकच्या घाटावर, तेथील बाजारात.