आधी लिंबू, मग शेव

कुणीतरी लिहिलंय की पोह्यांवर शेव घालणं म्हणजे पोह्यांचा अपमान. इंदुरात राहून हे वाचल्यावर गप्प कसं बसायचं!

इथे ठेल्यावर पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. वाफेवर पोहे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत गरम आणि मऊ राहतात. इतक्या मऊ पोह्यांना वरून काहीतरी कुरकुरीत हवंच ना? माझं भांडण शेवेशी नाहीच, क्रमाशी आहे. आधी शेव घालून तिच्यावर लिंबू पिळणारा माणूस मला बघवत नाही. लगदा होतो हो! आधी लिंबू, मग जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि कांदा, शेव अगदी शेवटी. ठेलेवाल्याच्या हातून लिंबाची फोड मागून घेण्यापर्यंत माझी मजल गेली आहे.

आमच्या सासूबाई मूळच्या साताऱ्याच्या. तीस वर्षं इंदुरात काढूनही ओल्या नारळाशिवाय पोह्यांना हात लावत नाहीत, आणि रतलामी शेवेला सरसकट ‘फरसाण’ म्हणतात. (मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.)

पोह्यांबरोबर जिलबी खावी की नाही, या वादात मात्र मी पडणार नाही. खावी.