जप्ती, सरकारजमा आणि भेसळ : 1906 च्या अमेरिकी कायद्याच्या निमित्ताने

प्रश्न : अमेरिकेच्या 1906 च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याविषयी मराठीत लिहिताना ‘सरकारने मालाची खेप जप्त केली’ आणि ‘खेप सरकारजमा झाली’ ही वाक्ये एकाच अर्थाने वापरता येतील का?

उत्तर : वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘जप्त’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ ताब्यात ठेवणे, आवरणे असा आहे. ‘जाब्ता’ही त्याच कुळातला. जप्तीने मालावरचा ताबा जातो, मालकी जात नाही. माल सरकारजमा झाला की मालकीही संपते. त्या कायद्याच्या दहाव्या कलमात या पायऱ्या वेगळ्याच आहेत : माल आधी धरायचा, तो कायद्याविरुद्ध असल्याचे न्यायालयात सिद्ध करायचे आणि मगच तो नष्ट करायचा किंवा विकायचा. खर्च भरून हमीपत्र दिल्यास मालकाला तो परतही मिळू शके. सणासुदीला आपल्या वर्तमानपत्रांत ‘खव्याचा साठा जप्त’ असे छापून येते, ते म्हणूनच अचूक असते.

हिपोलाइट एग कंपनीच्या खटल्यात हे नेमके दिसते. मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसहून इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या एका बेकरीकडे गेलेले, बोरिक ॲसिड घालून टिकवलेल्या अंड्यांचे 50 डबे बेकरीच्या कोठीतूनच धरण्यात आले. डब्यांचा प्रवास संपला होता, त्यामुळे ते आंतरराज्य व्यापारात उरले नव्हते आणि म्हणून या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर होते, हा कंपनीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये फेटाळला. हा दावा व्यक्तीवर नव्हे, डब्यांवरच होता आणि कंपनी त्यात हक्क सांगायला आली होती. अशा मालाला काही जण ‘आरोपी’ म्हणतात, ते चूक आहे, कारण येथे शिक्षेचा प्रश्नच नसतो. ‘प्रतिवादी माल’ म्हणावे.

मूळ कायद्यातल्या ‘ॲडल्टरेटेड’ या संज्ञेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘भेसळ’ या शब्दाची अडचण मला अधिक गंभीर वाटते. भेसळ म्हटले की काहीतरी मिसळलेले असणार, हे मराठी कान गृहीत धरतो. अंड्यांतल्या बोरिक ॲसिडला तो शब्द चपखल बसतो. पण कायद्याच्या व्याख्येत घाणेरडे, कुजलेले, सडलेले पदार्थही त्याच एका संज्ञेखाली येतात आणि सडक्या टोमॅटोंच्या केचपमध्ये बाहेरचे काहीच मिसळलेले नसते. ‘अपमिश्रित’ या पर्यायी शब्दाने हा पेच सुटत नाही, कारण मिश्रण त्याच्याही पोटात आहे. तेव्हा कलमाचा अनुवाद करताना ‘भेसळ’ ठेवून तिची व्याख्या लगेच द्यावी आणि घटना सांगताना मात्र ‘केचप नासके म्हणून जप्त केले’ असे सरळ लिहावे.